ट्रामची चाकोरी



आजचा विषय फळ्यावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. पिंप्राळ्याला ट्राम कधी नव्हती, जळगावला नव्हती, साऱ्या खानदेशात नव्हती. ज्या मुंबईला ती होती, तिथूनही ती १९६४ साली गेली. जी गाडी आपल्या गावी आलीच नाही आणि जिथे आली तिथेही राहिली नाही, तिच्यावर तासभर काय बोलायचे? व्याख्यानमालेच्या चालकांनीही मला हा प्रश्न विचारला. उघड नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो मला दिसला. म्हणून आरंभीच सांगून टाकतो की ट्रामचे निमित्त करून मी रस्त्याविषयी बोलणार आहे. रस्ता कोणाचा, आणि त्यावरून जाणाऱ्या गरीब माणसाला कोणी काय शब्द दिला आहे, हा माझा खरा विषय. हा प्रश्न मुंबईचा जितका आहे तितकाच पिंप्राळ्याचाही आहे.

ट्राम म्हणजे काय हे समजायला मुंबईला जायचे कारण नाही. आपल्या काळ्या जमिनीतल्या गाडरस्त्याची आठवण करा. पावसाळा सरला, चिखल वाळू लागला की एका गाडीची चाके जिथून जातात तिथूनच दुसरीची जातात आणि रस्त्यावर दोन खोल रेघा उमटतात. त्यांना आपण चाकोरी म्हणतो. चाकोरीत गाडी पडली की बैलांना हाकावे लागत नाही. गाडीवान डुलक्या घेतो आणि गाडी घरी येते. साहित्यिक मंडळींनी मात्र या शब्दाला बदनाम करून ठेवले आहे. ‘चाकोरीबद्ध’ म्हटले की कंटाळवाणे, ‘चाकोरीबाहेरचे’ म्हटले की थोर! ज्याने कधी कापसाचे गाडे हाकले आहे त्याला विचारा; चाकोरीबाहेर गेलेले गाडे आसापर्यंत रुतते आणि मग सारे गाव खांदा द्यायला लागते.

आता याच्या उलट टोकाचे उदाहरण घ्या. आषाढी एकादशीला आपल्या पिंप्राळ्याचा रथ निघतो. एवढा अजस्र रथ, पण त्याला सुकाणू नाही आणि रूळही नाहीत. तो वळवायचा किंवा थांबवायचा तर चाकाखाली मोगरी लावावी लागते. मोगरी लावणारा डोळ्यांत तेल घालून चाकाबरोबर चालतो, कारण त्याचा हात चुकला तर रथ कोणाच्या ओट्यावर जाईल त्याचा नेम नाही. म्हणजे जड गाडी गर्दीच्या रस्त्यावरून न्यायची तर उपाय दोनच. पावलोपावली सावध माणूस हवा, नाही तर आधीच आखून ठेवलेली चाकोरी हवी. रथाने पहिला उपाय घेतला, ट्रामने दुसरा. चाकोरी पोलादाची केली आणि ती रस्त्याच्या पाठीत अशी बसवली की तिच्यावरून इतर गाड्याही जाव्यात.

या पोलादी चाकोरीचा गुण साधा आहे. लोखंडाचे चाक लोखंडावर फार कमी घासते. चांगल्या खडीच्या रस्त्यावर एक घोडा जेवढे ओझे ओढील त्याच्या दुपटी-तिपटीने तो रुळावर ओढतो. अमेरिकेत न्यूयॉर्कला १८३२ साली रस्त्यावर रूळ टाकून घोड्यांची गाडी सुरू झाली; पण ते रूळ रस्त्याच्या वर उठून दिसत आणि इतरांच्या गाड्या त्यांत अडकत. मग लूबा नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने १८५० नंतरच्या काही वर्षांत खाचेचा रूळ काढला. रूळ रस्त्याच्या पातळीत, मध्ये खाच, आणि खाचेत चाकाची कडा. ट्राम शहरात नांदू लागली ती या खाचेमुळे. शोध लहान होता, पण त्यात शेजारधर्म होता. माझी चाकोरी मला असेल, पण तुझ्या टांग्याला तिची ठेच लागणार नाही, असा.

आता मुंबईकडे वळू. आणि मुंबईला जाताना खानदेशातूनच जाऊ, कारण मुंबईच्या ट्रामच्या जन्मकथेत कापूस आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना. तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचे मोल आले आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. याच दशकात आगगाडी सह्याद्री ओलांडून खानदेशात आली. मुंबईत रोज नवी बँक, रोज नवी कंपनी, रोज नवे शेअर असा प्रकार सुरू झाला. त्या भरात एका अमेरिकन कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम काढण्याची परवानगी मिळवली. पण १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, त्याच वर्षीच्या जुलैत मुंबईचा शेअरबाजार बसला आणि त्याबरोबर ती पहिली ट्रामही कागदावरच राहिली. कापसाचा भाव उतरला की खानदेशातल्या घरातले लग्न पुढे ढकलले जाते हे आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी मुंबईची ट्राम पुढे ढकलली गेली. तीही थोडीथोडकी नाही, चांगली नऊ वर्षे.

१८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी निघाली, तिच्यासाठी १८७४ चा ट्रामवे कायदा झाला आणि ९ मे १८७४ या दिवशी घोड्यांची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर आली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला, दुसरा बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीला. रूळ टाकण्याचे काम स्टर्न्स आणि किट्रेज या मंडळींकडे होते. कंपनीच्या पागेत शेकड्यांनी घोडे होते, आणि ते तितके लागतच. मुंबईच्या उन्हात थांबत-निघत गाडी ओढणारा घोडा काही तासांतच थकतो. प्रत्येक थांब्यावर उभी गाडी पुन्हा हलवायची हेच त्याचे खरे कष्ट. म्हणून एक गाडी दिवसभर चालवायची तर घोड्यांच्या अनेक जोड्या पदरी बाळगाव्या लागत. दाणा, वैरण, नाल, सलोतरी, लीद उचलणारी माणसे, हा सारा प्रपंच तिकिटातून भागवायचा. नव्हे, तिकिटातून म्हणणे चूक आहे. कारण पहिले काही महिने तिकीटच नव्हते! भाडे तीन आणे, ते हातावर द्यायचे आणि बसायचे. लवकरच भाडे दोन आण्यांवर आले आणि फुकट्या उतारूंना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटे निघाली. मजुराची दिवसाची मजुरी ज्या काळी आण्यांत मोजत, त्या काळी दोन आणे ही लहान रक्कम नव्हती. ट्राम आली ती गरिबाची गाडी म्हणून आली नाही. ती गरिबाची झाली पुढे, आणि कशी झाली ते पाहण्यासारखे आहे.

पण त्याआधी जरा नाशिकला उतरू. नाशिक आपल्या शेजारचे, आणि ट्राम फक्त मुंबईकरांनीच पाहिली असे कोणाला वाटू नये. आगगाडीचे स्टेशन नाशिक रोडला आणि गोदावरीचे तीर्थ तिथून पाच-सहा मैलांवर. यात्रेकरूने एवढे अंतर कसे तोडायचे? म्हणून १८८९ साली नाशिक रोड स्टेशनापासून गावातल्या मेनरोडपर्यंत ट्राम झाली. तिचे रूळ अवघ्या अडीच फुटांच्या अंतराचे होते. ज्या कॅल्थ्रॉप इंजिनियरने पुढे बार्शीची छोटी आगगाडी बांधली, त्याचा या कामात हात होता. दोन डबे, चार घोडे, आणि दुतर्फा रान. ही ट्राम चाळीसएक वर्षे चालली आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत बंद पडली. दुष्काळ आणि प्लेग यांनी तिचे उतारू तोडले. पुढे २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात याच नाशिकसाठी रबरी चाकांच्या, विजेच्या तारेवर चालणाऱ्या मेट्रोची घोषणा झाली. म्हणजे गाव वाढले की जुनी गरज नव्या नावाने परत दारात उभी राहते.

घोड्याच्या जागी वीज आली ती मात्र जर्मनीतून. बर्लिनजवळ ग्रोस-लिश्टरफेल्डे येथे वेर्नर फोन सीमेन्स याने १६ मे १८८१ रोजी जगातली पहिली विजेची ट्राम लोकांसाठी सुरू केली. अंतर जेमतेम अडीच किलोमीटर. वर तार नव्हती. वीज एका रुळातून यायची आणि दुसऱ्यातून जायची. कल्पना सुटसुटीत, पण रस्ता ओलांडणाऱ्या घोड्याचे पाय दोन रुळांवर पडले की बिचारा उसळी मारायचा. तेव्हा वीज माणसांच्या आणि जनावरांच्या पायाखाली ठेवणे बरे नव्हे हे ध्यानात आले आणि तार वर गेली. पुढे जगभर हीच रीत रूढ झाली. डोक्यावरच्या तारेला एक दांडा टेकलेला असतो, त्यातून वीज गाडीत उतरते, गाडीच्या पोटातली मोटर फिरवते आणि चाकांतून रुळात शिरून परत वीजघराकडे जाते. रूळ म्हणजे नुसती वाट नव्हे. विजेच्या परतीचा रस्ताही तोच. आपल्या देशात विजेची ट्राम प्रथम आली मद्रासला, १८९५ साली. मग १९०२ साली कलकत्त्याला.

मुंबईत १९०५ साली बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली. आद्याक्षरे जुळवून लोक तिला ‘बेस्ट’ म्हणू लागले. तिने घोड्यांची कंपनी विकत घेतली, वाडीबंदरला वीजघर उभारले आणि ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. आता एक गोष्ट लक्षात घ्या. वीजघर एकट्या ट्रामसाठी बांधायचे तर परवडत नाही. म्हणून त्याच कंपनीने घरोघर, दुकानोदुकानी वीज विकायला सुरुवात केली. मुंबईच्या सामान्य घरात दिवा लागला तो ट्रामच्या पाठोपाठ. पुढे टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज ही कंपनी घेऊ लागली. एका घरात राहणाऱ्या दोन भावांसारखे वीज आणि वाहतूक हे दोन धंदे एकत्र नांदले, आणि पुष्कळ वर्षे विजेच्या मिळकतीने वाहतुकीची तूट भरून काढली. एकत्र कुटुंबात कमावता भाऊ आणि राबता भाऊ असतात, तसेच ते होते.

ट्राम चालवणे हे कसबाचे काम होते. चालक उभ्यानेच गाडी हाकी. डाव्या हाताशी विजेचा दांडा, उजव्या हाताशी ब्रेकची मूठ, आणि पायाखाली घंटा. लोखंड लोखंडावर सहज धावते, पण म्हणूनच ते सहजासहजी थांबतही नाही. पावसाच्या पहिल्या सरीने रुळावरची धूळ ओली झाली की चाके घसरत. तेव्हा चाकापुढे वाळू सोडावी लागे. शंभर हात पुढचा माणूस काय करणार आहे हे ओळखून चालकाला आधीच वीज तोडावी लागे, कारण त्याला गाडी बाजूला घेता येत नव्हती. आपल्या मोगरीवाल्याची सावधगिरी ट्रामच्या चालकालाही चुकली नाही. त्याला फक्त दिशेची काळजी नव्हती. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवण्याचीही दगदग नसे. गाडीला दोन्हीकडे तोंडे होती. चालक दांडा काढून दुसऱ्या टोकाला जाई, कंडक्टर वरच्या तारेचा दांडा फिरवून घेई, आणि मागचे पुढे होऊन गाडी परत निघे.

आता ती गरिबाची कशी झाली ते सांगतो. विजेच्या ट्रामला रूळ आणि तारा घालण्याचा खर्च आरंभी फार. पण एकदा तो केला की एकेका उतारूला नेण्याचा खर्च फार कमी. गाडी भरून धावली तरच हा धंदा जमतो, आणि गाडी भरायची तर भाडे उतरले पाहिजे. म्हणून भाडे एका आण्यावर आले आणि पुष्कळ वर्षे तेथेच राहिले. एक आणा दिला की कुलाब्याकडचा माणूस लांब परळ-दादरकडे जाऊ शकत होता. याचा परिणाम असा झाला की कामाच्या जागेशेजारीच कोंबून राहण्याची सक्ती थोडी सैल झाली. शहर उत्तरेकडे सरकले. पूर्व दादरला जिथे ट्रामचा मार्ग संपे, त्या जागेला लोक ‘दादर टी. टी.’ म्हणू लागले, टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, पण आजही टॅक्सीवाल्याला ‘टी. टी.ला घ्या’ म्हटले की तो बरोबर तिथेच नेतो. गर्दी इतकी वाढली की सप्टेंबर १९२० मध्ये दुमजली ट्रामगाड्या आणाव्या लागल्या. आणि आणखी एक गोष्ट या एका आण्याने केली, तिची नोंद सहसा होत नाही. बाकावर शेजारी कोण येऊन बसेल हे ठरवणे उतारूच्या हाती नव्हते. सोवळे-ओवळे, शेठ आणि हमाल, सारे एकाच फळीवर. भाषणांनी जे झाले नाही त्यातले थोडेसे, फार नव्हे, पण थोडेसे त्या फळीने केले.

मग एवढी गुणाची गाडी गेली का? १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत मुंबईची पहिली बस धावली, आणि तेव्हापासून ट्रामला सवत आली. बसला रूळ नको, तार नको. आज या रस्त्याने, उद्या त्या रस्त्याने. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, ही कंपनी मुंबई महापालिकेच्या मालकीची झाली. परक्या भागधारकांची गाडी नागरिकांची झाली. पण ट्रामच्या नशिबी या नव्या घरात फार दिवस नव्हते. पुढच्या दशकात एकेक मार्ग बंद होत गेला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. आत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि दोन्ही बाजूंना माणसे तिला निरोप द्यायला उभी होती.

ज्यांनी ती बंद केली त्यांना मी खलनायक ठरवणार नाही. त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. रूळ जुने झाले होते. ट्राम रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे उतरणाऱ्या माणसाला मोटारींच्या लोंढ्यातून कडेला यावे लागे. एक गाडी बिघडली की मागच्या साऱ्या गाड्यांची रांग लागे, कारण बाजूने निघायला वाट नव्हती. मुंबईचे जुने रस्ते अरुंद. आणि त्या काळी जगातल्या मोठमोठ्या शहरांनी हाच निर्णय घेतला होता. पॅरिसने १९३८ साली, लंडनने १९५२ साली, मद्रासने १९५३ साली ट्राम काढली. शहाणी माणसे एका वाटेने चालली असता आपण मागे का राहायचे, असे कोणालाही वाटावे.

पण या युक्तिवादात एक मेख आहे. ट्राम मोटारींच्या आड येते असे सारे म्हणत होते. मोटारी ट्रामच्या आड येतात असे म्हणणारा कोणी नव्हता. दोन्ही वाक्ये एकाच दृश्याची आहेत. शंभर माणसांची गाडी उभी आहे, तिच्यापुढे दोन माणसांची गाडी उभी आहे. वाट कोणी सोडायची? हा प्रश्न यंत्रशास्त्राचा नाही, न्यायाचा आहे. तो यंत्रशास्त्राचा म्हणून सोडवला गेला, म्हणून दोन माणसांची गाडी जिंकली. मजा अशी की ट्राम गेल्यावर रस्ता मोकळा व्हायला हवा होता. तो किती मोकळा झाला हे दादरहून बोरीबंदरला मोटारीने जाणाऱ्याला आज विचारावे!

मुंबईने मधला एक मार्गही करून पाहिला. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. वर ट्रामसारखी तार, खाली बससारखी रबरी चाके. पण एकच मार्ग, मोजक्या गाड्या. मार्च १९७१ मध्ये तीही थांबली. अर्धी चाकोरी, अर्धी मोकळीक असा संसार टिकला नाही.

या वादाचा निकाल लावायला एखादे गाव असे हवे की ज्याच्या अर्ध्या भागाने ट्राम ठेवली आणि अर्ध्याने काढली. असे गाव आहे, आणि तेही ज्या शहराजवळ विजेची ट्राम जन्मली तेच! महायुद्धानंतर बर्लिनची दोन शकले झाली. पश्चिम बर्लिन श्रीमंत होते. त्याने ट्राम जुनाट ठरवली, भुयारी आगगाडी आणि बस वाढवल्या आणि २ ऑक्टोबर १९६७ रोजी शेवटची ट्राम बंद केली. पूर्व बर्लिन गरीब होते. भुयारे खणायला पैसा नव्हता, तेल महाग होते. काही मार्ग त्यानेही उखडले, पण बरीचशी ट्राम, निरुपाय म्हणून का होईना, त्याने राखली. पुढे १९८९ साली भिंत पडली आणि पुढच्या वर्षी शहर एक झाले. तेव्हा श्रीमंत भावाने गरीब भावाची जुनी गाडी भंगारात काढली असेल असे आपल्याला वाटेल. घडले उलट. १९९५ साली पूर्वेची ट्राम सीमा ओलांडून पश्चिमेत गेली. आज बर्लिनच्या ट्रामचे जाळे सुमारे १९० किलोमीटरांचे असून जगातल्या मोठ्या जाळ्यांत त्याची गणना होते. पॅरिसने १९९२ साली ट्राम पुन्हा आणली, लंडनच्या क्रॉयडन भागात ती २००० साली परतली. ज्या शहाण्यांच्या मागोमाग आपण निघालो होतो ते मागे वळले, आणि आपण पाहतो तो आपले रूळ डांबराखाली! मुंबईत हुतात्मा चौकाकडे अलीकडे रस्ता खणताना जुने रूळ सापडले, तेव्हा जुनी मुंबई सापडल्यासारखी माणसे ते पाहायला जमली. कलकत्त्याने ट्राम आपल्या सर्वांपेक्षा अधिक काळ सांभाळली. पण २०२४ साली तेथील सरकारनेही मैदानाकडचा एक मार्ग सोडून बाकीची बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

बर्लिनच्या उदाहरणावरून ट्राम सर्वत्र असावी असे मी म्हणत नाही. न जोपासलेला रूळ हा खड्ड्यापेक्षा वाईट, आणि कलकत्त्यात तेच झाले. माझे म्हणणे वेगळे आहे. रूळ टाकणे म्हणजे गावाने शब्द देणे. रूळ म्हणतो, या वाटेने गाडी येईल, उद्या येईल, दहा वर्षांनी येईल, पाऊस असला तरी येईल. ज्याने एवढे पोलाद रस्त्यात पुरले तो पुढच्या वर्षी तोटा झाला म्हणून सहजी पळून जाऊ शकत नाही. त्या भरवशावर माणूस दूर खोली घेतो, मुलीला दूरच्या शाळेत घालतो, दुसऱ्या पाळीची नोकरी पत्करतो. मुंबईच्या कामगाराने एका आण्यात गाडीतली जागा घेतली असे आपण म्हणतो. खरे तर त्याने भरवसा विकत घेतला होता. ट्रामवर ठपका काय ठेवला, तर ती चाकोरी सोडत नाही. हाच तिचा गुण होता.

आता मुंबई सोडून पिंप्राळ्याला येतो. पिंप्राळा एके काळी स्वतंत्र गाव होते, आज ते जळगाव महापालिकेच्या पोटात आहे. गाव शहरात गेले म्हणजे कागदावर गेले; माणसाला रोज जावे लागते. रेल्वेच्या फाटकाशी घड्याळाकडे पाहत आपल्यापैकी कितीकांनी किती वर्षे काढली असतील! फाटकाचा प्रश्न पुलाने सुटतो. पण पूल कोणासाठी? ज्याच्याकडे स्वतःचे वाहन आहे त्याला पूल पुरतो. ज्याच्याकडे नाही, त्याला पुलावरून जाणारी गाडीही हवी. ठरल्या वेळी, ठरल्या वाटेने, ठरल्या भाड्याने. रिक्षा आहे, आणि रिक्षावाल्याच्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण रिक्षा भरेल तेव्हा सुटते. रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिकेने, पहाटे बाजारात भाजी नेणाऱ्या बाईने, डोळ्याला कमी दिसणाऱ्या आजोबांनी ती भरेपर्यंत कुठे थांबावे?

खेड्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हा शब्द एकदा दिला होता आणि बराचसा पाळलाही. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, पहिली एस. टी. निघाली. पुढे जिथे रस्ता तिथे एस. टी. झाली. तिच्याखाली रूळ नव्हते, पण पाटीवरच्या वेळापत्रकाने रुळाचे काम केले. मुक्कामाची गाडी रात्री गावात येऊन झोपते आणि पहाटे पोरांना घेऊन निघते, यावर खानदेशातल्या दोन पिढ्या शिकल्या. म्हणजे चाकोरी पोलादाचीच लागते असे नाही. ती शब्दाचीही असते. मात्र शब्दाची चाकोरी मोडायला सोपी. पोलाद उखडायला यंत्रे लागतात, ठराव लागतो, शेवटच्या रात्री माणसे गोळा होतात. वेळापत्रकातली एक गाडी गळते तेव्हा थांब्यावर उभ्या असलेल्या चार जणांखेरीज कोणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून माझे मागणे ट्रामचे नाही. पिंप्राळ्याला ट्राम आणा म्हणून आपण अर्ज केला तर लोक हसतील, आणि बरोबर हसतील. मागणे एवढेच की आपल्या गावात रस्त्याचा आराखडा निघेल, पूल निघेल, रुंदीकरण निघेल, तेव्हा सभेत उठून एक प्रश्न विचारायला शिका. ज्याला वाहन नाही त्याची वाट यात कोणती, आणि ती किती वर्षांसाठी? उत्तर लेखी मागा. मुंबईत १९६४ साली हा प्रश्न विचारणारे पुरेसे निघाले असते तर ट्राम राहिली असती की नाही, ते सांगता येणार नाही. पण ती काढताना तिच्या उतारूंना बदल्यात काय देणार, हे तरी कोणाला सांगावे लागले असते.

येत्या आषाढीला रथ निघेल. दोर ओढायला शेकडो हात असतील, रथावर फुले पडतील, आणि साऱ्यांचे डोळे वर मूर्तीकडे लागलेले असतील. त्या वेळी एकदा खाली चाकाकडेही पाहा. तिथे चार-सहा माणसे वाकून, घामाने निथळत, मोगरी सरकवीत असतील. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नसते. पण रथ ठरल्या वाटेने जाऊन ठरल्या जागी परत येतो तो त्यांच्यामुळे.